चिमटा राहिला तो दिवस

कुपवाडमधल्या आमच्या केंद्रात सर्जन मंडळी दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सराव डुकरांवर करतात. डुकरांना भूल द्यायचं काम माझं. मदतीला केंद्रातले मदतनीस होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. मूळचे जतकडचे, अर्धा जन्म मेंढरांमागे गेलेला. मी नव्या पदवीच्या तोऱ्यात होते आणि ते निमूट पिंजरे धूत होते.

आमच्याकडे एक रीत आहे. डुक्कर झोपलं की खुरांच्या बेचक्यात करकचून चिमटा काढायचा. पाय हलला नाही, तरच स्नायू ढिले करायचं इंजेक्शन द्यायचं. या औषधानं झोप येत नाही, नुसतं अंग लुळं पडतं. श्वासही मशीननं द्यावा लागतो. नंतर चिमट्याचा उपयोग नाही. जागं असलं तरी डुक्कर पाय हलवू शकत नाही, ओरडूही शकत नाही.

त्या दिवशी सर्जन हातमोजे घालून खोळंबले होते. मी घाईत चिमटा न काढताच इंजेक्शन दिलं. पोट मऊ पडलं, सगळे खूश. पडद्यावर ठोके वाढलेले दिसत होते. पण या औषधानं ते वाढतातच, असं मी वाचलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी माझी गत.

मामांचा हात डुकराच्या मांडीच्या आत होता. मेंढरांची नाडी ते तिथंच बघायचे.

"आवं बाई, चिमटा काढलासा का?"

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"ह्ये निजल्यालं न्हाई. नुसतं पडून हाय. काळीज लय पळतंय."

मी भुलीची वाफ देणाऱ्या यंत्राकडे पाहिलं. औषध किती उरलंय ते दाखवणारी काच कोरडी. माझी पाचावर धारण बसली. मी 'थांबा' म्हणाले तेव्हा सर्जनची सुरी कातडीपासून चार बोटांवर होती. मी घाईनं शिरेतून भूल दिली, यंत्रात औषध भरलं. नाडी उतरल्यावर मामांनी मान हलवली, मगच काम सुरू झालं.

मामा आता रिटायर होऊन गावी असतात. मी अजूनही आधी चिमटा काढते आणि नंतर डावा हात मांडीच्या आत ठेवते. तो हात मला मामांनी दिला, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

त्या दुपारी चहाच्या वेळी मी त्यांचे आभार मानले होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"त्याचं तोंड तुमी बांधलं व्हतं, बाई. म्हून मी बोललो."