लाइटहाऊसखालचा बाजार

हे मी कोणापाशीच बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही. जामसांवलीच्या मारुतीसमोर हात जोडून उभी राहिले, तर दुसरंच काही मागून परत आले.

तेव्हा मी कशी होते? पांढुर्ण्याची राणी! नाकावर माशी बसू द्यायची नाही — आणि कंदील विझला की आईच्या कुशीत शिरायची. मला पाहायला आलेला मुलगा लोधीखेड्याचा, पण नोकरी कोकणात. समुद्रात घुसलेल्या कड्यावर, लाइटहाऊसवर. पोहे झाल्यावर संत्र्याच्या झाडाखाली आम्हाला दोन शब्द बोलू दिलं. तो एकही गोड शब्द बोलला नाही. "शेजार नाही. पाणी खालून डोक्यावर आणावं लागते. पावसाळ्यात वाट बंद. विचार करा."

एवढं खरं बोलणारा माणूस — आणि मी घाबरून घरात सांगितलं, मुलगा काळा आहे, नको.

सरकारी नोकरीवाला कोण सोडते? वडिलांनी धाकट्या शोभाचं नाव पुढं केलं. चुलीपाशी ती मला विचारू लागली, "ताई, तुह्याशी बोलले ना ते? कसं हाय व तिकडं?"

ती नाही म्हणाली असती तर? पुन्हा माझ्यावरच आलं असतं. म्हणून — "मजा हाय पोरी! खालीच बजार भरते. अन् रातभर उजेड, रोजचीच दिवाळी!" समुद्र मी पाहिला होता कुठं? जाम नदीच्या पुरापलीकडे माझी अक्कल जात नव्हती.

पहिल्या बाळंतपणाला शोभा माहेरी आली ती वाळून. अंगणात, सगळ्यांसमोर, नवऱ्यावर उसळली, "मले फसवून नेलं ह्यांनी!"

तो म्हणाला, "ताईला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं."

सगळे माझ्याकडे वळले. शोभाही. "ताई, सांगितलं होतं?"

बाजाराची थाप पोरकटपणाची होती, म्हणा हवं तर. पण हे? —

"नाही बाप्पा," मी म्हटलं. "मले तर बजारच सांगितला होता यायनं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. भांडला नाही. जन्मभर तो विषय काढला नाही. आणि मी? त्याला पंगतीत आग्रहानं वाढत राहिले.

मागच्या पोळ्यानंतर तो गेला. शोभा आता सौसरला असते. परवा ओट्यावर चहा घेताना म्हणाली, "देवमाणूस होते, ताई. जलमात एकदाच खोटं बोलले. तेवढं काही मी त्यायले माफ नाही केलं — शेवटपर्यंत."

मी तिच्या बशीत चहा ओतला.

"पी," म्हटलं. "थंडा होऊन राहिला."