दसऱ्याला न उठणारी पिकअप

दसऱ्याच्या दिवशी मेकॅनिकला हाक मारू नये, हे पनवेलात शेंबड्या पोरालाही कळतं. खंडेनवमीला आम्ही पाने, हातोडे, पक्कड पाटावर मांडतो, त्यांना हळदकुंकू वाहतो आणि दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाही. वर्षातून तेवढीच सुट्टी, त्यांनाही आणि मलाही. म्हणून त्या सकाळी कडी वाजली तेव्हा मी आतूनच खेकसलो, "उद्या या!"

कडी पुन्हा वाजली. दारात रंभा उभी होती, रोडपालीच्या जगनची बायको. जगन त्याच पावसाळ्यात तापानं गेला होता. सणाच्या दिवशी ती एकटी, चिखलाच्या रस्त्यानं चालत आली होती.

"काळूराम भाऊ, गाडी सुरू व्हत नाय," ती म्हणाली. "दीर बोलतो, पूजा करून बी गाडी उठत नाय, म्हंजे देवालाच ती ठेवायची नाय. सांजच्याला उरनचा भंगारवाला येनार हाय. तेवडी सुरू करून द्या. ती गेली तर त्या घरात माजं कायच उरत नाय."

मी अवजारांची माफी मागितली, पाटावरून ती उचलली आणि निघालो.

जगनची पिकअप म्हणजे दुसरी मोठी लढाई संपल्यावर लिलावात घेतलेली लष्कराची गाडी. तिच्यातून तो मिठागरांवरचं मीठ बाजारात आणायचा. मीठ लोखंडाला खातं, म्हणून मी त्याला फार बोलायचो, "अरे, बायकोचं तोंड बघण्याआधी गाडीचे पॉइंट पुसत जा!" तो दोन्ही एकदमच करायचा. प्रत्येक प्लगला करंट वाटणारी एक डबी असते. पहाटे बॉनेट उघडून तो तिचं टोपण काढायचा, आतल्या दोन बारीक पॉइंटांवरून बोटानं फडकं फिरवायचा आणि रंभा बाजूला कंदील धरून उभी राहायची. लेकरू नव्हतं. दिवसभर तो रस्त्यावर, ती मिठागरावर. काय बोलायचं ते कंदिलाच्या उजेडात बोलून घ्यायचे.

तो गेल्यावर गाडी त्याचा धाकटा भाऊ शिवा चालवू लागला. शिवा वाईट नव्हता. घरात रंभाला कुणी टाकून बोलत नव्हतं. खरं सांगायचं तर तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं. वेळेवर ताट पुढे यायचं, बस्स. संध्याकाळी ती पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसायची आणि घरातले तिला हाक मारायचं विसरून जायचे. मी एकटा राहणारा माणूस आहे. पण भरल्या घरातलं ते एकटेपण माझ्याहून मोठं होतं.

मी पोचलो तेव्हा अंगणात गाडी झेंडूच्या माळा घालून उभी होती आणि भोवती सगळे तोंडं पाडून बसले होते. आदल्या दिवशी शिवाची बायको शकू हिनं सवाष्ण म्हणून गाडीची पूजा केली होती. तेवढा वेळ रंभाला मागच्या दारी बसवलं होतं. तरी शेजारची गुणाबाई म्हणत होतीच, "सावली पडली असंल कुनाची." म्हातारीला मी चहा टाकायला पिटाळलं.

"काल चालू होती?" मी विचारलं.

"काल मीच धुवून हितं लावली. येका फटक्यात उठली," शिवा म्हणाला. "रातीत काय झालं कोन जाने."

हॉर्न दाबला, तो खणखणीत वाजला. म्हणजे बॅटरी शाबूत. हँडल मारलं, इंजिन मोकळं फिरलं. पेट्रोलही येत होतं. मग प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि शिवाला हँडल मारायला लावलं. ठिणगी नाही.

"मीठ!" मी जाहीर करून टाकलं. पनवेलचा मेकॅनिक आधी मिठाला शिव्या देतो, मग आत बघतो.

टोपण काढलं. आत मीठ नव्हतं. दोन्ही पॉइंटांवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट टेकवलेलं होतं आणि मध्ये अक्षतेचा एक तांदूळ अडकला होता.

शकूची पूजा बॉनेटवर, सगळ्यांदेखत झालेली. या टोपणाखाली काय असतं ते त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं आणि त्यातला एक आता नव्हता. मी मान वर केली. रंभा दाराआड उभी होती. तिनं माझ्या हातातलं टोपण पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. गाडी आपल्याच हातानं बंद पडली हे तिला तेव्हाच कळलं. आणि विधवेनं कुंकवाला हात लावला हे त्या अंगणात फुटलं असतं, तर गुणाबाईनं तिला जगू दिलं नसतं.

"काय झालं, मिस्त्री?" शिवा वाकून बघू लागला.

मी माझी पाठ मध्ये घातली. "सांगितलं ना, मीठ! भाऊ रोज पुसायचा, तू कधी पुसतोस? हो बाजूला."

पॉइंट पुसले, तांदूळ खिशात टाकला. पहिल्या हँडललाच गाडी उठली. शिवानं मला आपट्याची पानं दिली, मिठी मारली आणि भंगारवाल्याला नको म्हणून निरोप धाडला. रंभाला सोनं द्यायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. मी माझ्यातलं एक पान तिला दिलं.

निघताना ती पाणी घेऊन आली. मी हळूच म्हणालो, "वहिनी, आत लावू नका. तेलकट झालं की ठिणगी मरते. वर कुठंतरी लावा."

"वर लावलं तर दिसंल," ती म्हणाली. "आनि त्यांचं बोट तितंच लागायचं."

"बरं, तिथंच लावा. पण पहाटे कुणी उठायच्या आत पुसून टाकत जा."

ती हातातल्या तांब्याकडे बघत राहिली. "येकदा पुसलं, भाऊ," ती म्हणाली. "आता परत माज्या हातानं नाय पुसवनार."

मी पाणी प्यायलो आणि अवजारं उचलली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. रोडपालीची पिकअप दर दसऱ्याला सकाळी उठत नाही. अपशकुनाचं आता कुणी काढत नाही. शिवा हसून सांगतो, "वर्सातनं येक दिस तिला दादाची याद येते." मला बोलावणं येत नाही आणि ते लागतही नाही. अवजारांची माफी मागून मी आपला उठतो, स्वच्छ फडकं घेतो आणि जातो. बॉनेट उघडतो, टोपण काढतो. रंभा शेजारी येऊन उभी राहते. ती तोंड फिरवते, मग मी पुसतो.