ओटीतली कमाई

बाबांना लकवा मारला आणि त्यांचं गिरणीतलं काम सुटलं, तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर मायनं घर चालवलं ते लांब रोट्यांवर. नागपूरच्या बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. चुलीवर मातीचं मडकं पालथं घालायचं, सैलसर कणीक दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत लोंबवायची आणि अलगद त्या मडक्यावर टाकायची. बोलायला सोपं आहे. माझी रोटी आजही हातावरच फाटते. मायची कधी फाटली नाही, म्हणून महालापासून धरमपेठेपर्यंत कुणाकडे बारसं असो की साक्षगंध, तिला बोलावणं यायचंच.

पण माय कामाला जाते, असं कुणी म्हटलेलं तिला खपायचं नाही. त्यांनी बोलावलं, आपण गेलो, एवढंच. रोट्या झाल्या की त्या घरची बाई तिला पाटावर बसवायची, हळदकुंकू लावायची, तांदूळ, नारळ आणि खणानं ओटी भरायची. पैसे त्या तांदळातच असायचे. किती, ते घरी येऊन पदर सोडल्यावर कळायचं. कधी बरे निघायचे, कधी इतके थोडे की त्या बाईच्या दारात जाऊन चार शब्द सुनवावेसे वाटायचे मला. तोंड उघडलं की मायच मला दाबायची. भाव सांगायला ती काय बुधवार बाजारात बसली होती?

मॅट्रिकला मार्क चांगले पडले. कॉलेजची फी भरायची आमची काही ऐपत नव्हती. फीमाफी मिळाली तर कॉलेज, नाही तर मामानं कुहीकडचं एक स्थळ हेरून ठेवलंच होतं. धानाची शेती, दोन बैलजोड्या, आणि माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा मुलगा. मामाच्या मते नशीब उघडलं होतं माझं.

फीमाफीच्या अर्जात घरचं उत्पन्न लिहायचं होतं. बाबांचं तर काहीच नव्हतं. मायला विचारलं, तर ती माझ्यावरच उखडली. लोक ओटी भरतात, त्याले कमाई म्हणतात काहून? झालं. मी आपलं वळणदार अक्षरात ‘निरंक’ लिहून मोकळी झाले.

कॉलेजातल्या क्लार्कनं ते वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तुम्ही लोक हवा खाऊन जगता का, म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्यानं नीट समजावलं, की निरंक उत्पन्नावर कुणी विश्वास ठेवत नाही, अर्ज सरळ बाद होतो. आई जे काही करते, ते करवून घेणाऱ्या कुणाची तरी चिठ्ठी आणा, त्यावर तहसिलीतून दाखला मिळेल. मुदत संपायला पंधरवडाच राहिला होता. म्हणजे आम्ही गरीब आहोत हे पटवायला आधी आम्ही कमावतो हे पटवायचं होतं. मला आधी हसू आलं, मग बाहेर येऊन रडले.

मायला सर्वांत जास्त बोलावणी धरमपेठेतल्या एका वकिलांच्या घरून यायची. आम्ही दोघी तिथं गेलो. वकिलीणबाईंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहराच उतरला. तुम्हाला आम्ही मजूर समजलो का कधी, म्हणाल्या. घरच्या बाईसारखी ओटी भरली, आणि त्याची आता चिठ्ठी मागता? खरंच दुखावल्या होत्या त्या. आणि आमची माय! शरमेनं खाली पाहत त्यांच्याच बोलण्याला मान डोलावत होती. दुसऱ्या एका घरी गेलो, तिथं तर घरधनी गावाला गेले असल्याचं दारातूनच कळलं. ते आत खोकत होते.

रस्त्यानं माझा तोल सुटला. “तुले मान पाह्यजे का मले कॉलेज, ते एकदा सांगून दे,” मी म्हटलं. माय माझ्या चार पावलं पुढं चालत राहिली.

त्याच आठवड्यात वकिलांच्या नातवाचं बारसं होतं, त्याचं बोलावणं आधीच येऊन गेलं होतं. मायसोबत मीही गेले. मागच्या अंगणात चूल पेटली, मडकं तापलं, कणीक आपटून तयार झाली. पुढं पंगत बसली, पत्रावळीवर वांग्याची भाजी वाढून झाली, आता फक्त रोटीची वाट. मायनं गोळा हातावर घेतला आणि पुन्हा परातीत ठेवला. हात पुसले.

“बाई, आधी चिठ्ठी लिहून द्या. मंग मी रोटी टाकतो.”

वकिलीणबाईंना आधी गंमतच वाटली. मग त्या हळू आवाजात रागावल्या, माणसं पानावर बसली आहेत म्हणाल्या. माय जागची हलली नाही.

“मी मजूर हावो, बाई. तसंच लिहा.”

 खोळंबा कशाचा म्हणून वकीलसाहेब मागं आले. बायकोकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, आणि कागद मागवून भिंतीला टेकवूनच लिहू लागले. पिठाच्या पायलीमागे किती लिहू, असं त्यांनी विचारलं. मायनं जन्मात पहिल्यांदा आपला भाव सांगितला, आणि तोही काही कमी सांगितला नाही. मग चिठ्ठी तिनं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. त्यानंतर पहिली रोटी मडक्यावर पडली.

त्या चिठ्ठीवर दाखला मिळाला, फी माफ झाली, आणि कुहीचं स्थळ मामाच्या चुलत मेहुणीला गेलं. पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं.

पंगती उठल्यावर वकिलीणबाई मागच्या दाराशी आल्या. पाट नाही, तांदूळ नाही. उभ्या उभ्या मायच्या हातावर नोटा ठेवल्या. मायनं त्या तिथंच मोजल्या आणि शांतपणे म्हणाली, की पीठ तीन पायल्यांचं होतं, हे दोनचेच आहेत. बाई मुकाट्यानं आत गेल्या आणि राहिलेले घेऊन आल्या.

मी तर हवेत होते. घरी येताना माझी बडबड थांबेना. आता कुणाच्या बापाला भ्यायचं नाही, असंच काहीतरी. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, की माय मागं राहिली आहे. ती रस्त्याच्या कडेला उभी होती. पदरानं कपाळ पुसत होती.

“पैसे तं पुरे देले त्याईनं,” ती म्हणाली. “पन कुंकू नाही लावलं वं मले. तुहा बाप जित्ता हाय ना अजून.”