देवीला दाखवलेला कोंबडा

त्या वर्षी आमच्या घरातलं कोणीही हातात काहीतरी घेतल्याशिवाय सांदवाडीत पाऊल टाकत नसे. माय झाडायचा फडा घेई, मी तुराटी घेई, आणि माझी थोरली बहीण सूप पुढे धरून जाई. सांदवाडी म्हणजे घरामागचा कुडाने बंद केलेला तुकडा. सरपणाच्या पऱ्हाट्या तिथं, पाण्याचा रांजण तिथं, पहाटे बायकांनी बाहेर जायचं दारही तिथंच. आणि तिथंच तो कोंबडा. तांबडा, मानेवर पिवळी झाक, पायांमागे बोटाएवढे काटे. समोरून तो कधी आला नाही. पाठ फिरली की यायचा. हीच रीत पुढे मला पुष्कळ माणसांतही दिसली, पण ओळख त्याने करून दिली.

कोंबडा बहिणीचा होता, आणि बहिणीचा म्हणजे खरं तर तिच्या नवऱ्याचा.

जपानशी लढाई चालू होती. मानोऱ्याच्या बाजारात एक ठेकेदार आला आणि त्याने आजूबाजूच्या गावांतली माणसं मोटारीत भरली. आसामच्या बाजूला सडका बांधायच्या, रोख मजुरी, दिवाळीच्या आत परत. भाऊजी गेले. दिवाळी आली नि गेली, मग दुसरीही गेली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. सासरच्यांनी बहिणीला लहान मुलीसकट आमच्याकडे पाठवून दिलं. ज्या सरकारला माणसं न्यायला मोटारी मिळाल्या, त्याला ती माणसं कुठे आहेत हे सांगायला एक शब्द मिळाला नाही. हे लिहिताना मला आजही राग येतो, आणि तो जावा असं मला वाटत नाही.

बहिणीने मात्र राग केला नाही. तिने नवस केला. नवरा घरी आला तर मरीमायला कोंबडा देईन म्हणाली, आणि एक पिल्लू पदरात घेऊन शिवेवरच्या देवीच्या ठाण्यापाशी गेली. त्याच्या डोक्याला कुंकू लावून देवीला दाखवून आणलं. आमच्याकडे दाखवलेला कोंबडा बदलता येत नाही. त्याला मारता येत नाही, आणि त्याच्या अंगावर डागही चालत नाही. तुरा फाटला, पाय मोडला, काटे कापले, तर तो ऐबाचा झाला. ऐबाचं देवी घेत नाही. दुसऱ्या घरी कोंबडा अंगावर यायला लागला की विळ्याने त्याचे काटे छाटतात, वर राख दाबतात, काम संपलं. आमच्या घरी ते करायचं म्हणजे भाऊजींची परतीची वाट छाटायची.

मी पत्रकांवर वाढलेला. वडील होते तेव्हा वाशिमच्या बाजारातून ते पत्रकं आणायचे. देव लाच घेत नाही, बळी मागत नाही, हे सांगणारी. अक्षरं मी त्यांच्यावरूनच शिकलो. वडील गेले, पत्रकं राहिली. छापलेलं खरं असेल तर ते घडलंच पाहिजे, असं वाटण्याच्या वयात मी होतो.

"बाई, कोंबडं कापून माणूस परत येते का?" मी बहिणीला विचारायचो.

"मंग कायनं येते, तू सांग."

"कचेरीत अर्ज करून. ठेकेदाराची गचांडी धरून."

"केले ना तू अर्ज. आला का तो?"

अर्जांची पोचसुद्धा आली नव्हती. माय चुलीपासून म्हणायची, "राहू दे वं, त्याले काय इचारते? त्याच्या कागदाले कोंबडाबी भेत नाई."

जे उपाय डाग पाडत नव्हते ते सगळे आम्ही केले. डाल्याखाली कोंडला, तर काड्यांना घासून तुऱ्यातून रक्त आलं. बहिणीने धावत जाऊन डालं उचललं. काट्यांना चिंध्या बांधल्या, त्या त्याने चोचीने सोडल्या. काखेत धरून हिंडवला की कोंबडा माणसाळतो असं कोणीतरी सांगितलं. मी त्याला काखेत घेऊन सकाळभर सांदवाडीत फेऱ्या मारल्या. शेजारीण कुडावरून बघत होती. मी वाचतो म्हणून ती मला चेष्टेने मास्तर म्हणायची.

"काहून हो मास्तर, कोंबड्याले चोपडी वाचून दाखवून राह्यले का?"

"समजावून पाह्यतो त्याले."

"बाईले समजावनं झालं वाटते."

त्याला खाली ठेवलं आणि वळलो, तर त्याने माझी पोटरी फाडली. शेजारीण हसता हसता कुडामागे खाली बसली.

हसण्यासारखं तिथवरच होतं. एका दुपारी बहिणीची मुलगी आईच्या मागे मागे सांदवाडीत गेली, हातात भाकरीचा तुकडा घेऊन. ओरडणं ऐकून मी धावलो तेव्हा ती उताणी पडली होती आणि कोंबडा तिच्या छातीवर होता. डोळ्याखाली खोल ओरखडा होता. डोळा थोडक्यात वाचला. मायने हळद दाबली. मी विळा घेऊन निघालो, तर बहीण मागच्या दारात आडवी उभी राहिली.

"डोया वाचला ना?"

"या येळेस वाचला."

"मंग ठेव तो इळा खाली."

"पोरीपेक्षा कोंबडं मोठं झालं का तुले?"

"पोरीच्या बापाचं हाय ते," ती म्हणाली. ती दारातून हलली नाही. विळा मी ठेवला. तिला ढकलून जाणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं आणि तिथं उभं राहणंही.

त्या दिवसापासून मुलगी बाजेवरून उतरेना. जेवण बाजेवर, खेळ बाजेवर, मागे जायचं तर आईच्या कडेवर. कोंबडा मागे आरवला तरी ती पाय पोटाशी ओढून घ्यायची.

त्याच सुमारास कळलं की त्याच मोटारीतून गेलेला एक माणूस कामरगावला परत आला आहे. कापसाच्या बैलगाड्या तिकडे निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर मी गेलो. माणूस बाजेवर पडून होता, तापाने पिवळा झालेला, मनगटं काड्यांसारखी. मी भाऊजींचं नाव घेतलं.

"गाडीत माह्या बाजूलेच होता. मंग त्याले दुसऱ्या टोळीत टाकलं. त्या टोळीत लय ताप आला."

"मंग?"

"मंग काय. तिथं माणसं पडून राह्यत. कोन कुठलं, कोन पाह्यते?"

वाटेत मी ठरवलं की खोटं सांगायचं नाही. घरी आल्यावर जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. बहीण ज्वारी निवडत होती.

"मेला म्हनला का?"

"नाई."

"जिता हाय म्हनला?"

"नाई."

"मंग गेला कायले होता तू?"

ती निवडत राहिली. मायने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. खरं सांगितलं की माणसाचा अंधार जातो, असं मी वाचलं होतं. त्या घरात त्या संध्याकाळी काहीच गेलं नाही. खरं कोणालाच ठाऊक नव्हतं. ते ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्यांनी ते लिहूनही ठेवलं नसणार.

पुढे पुष्कळ दिवस नवसाचं नाव कोणी काढलं नाही. बहीण कोंबड्याला दाणे टाकायची, सूप पुढे धरून रांजणाकडे जायची.

मग एका सकाळी मुलीने बाजेवरच लघवी केली. ती आता तेवढी लहान राहिली नव्हती, तिला कळत होतं. पण आई जवळ नसताना खाली उतरून मागे जायचा तिला धीर झाला नाही. ओल्या गोधडीवर ती तशीच बसून राहिली. बहिणीने तिला पुसलं, दुसरा झगा घातला. गोधडी धुऊन कुडावर टाकली. मग दाणे टाकले, कोंबडा खाली वाकला तसे त्याचे पाय धरले आणि त्याला उंबऱ्यावर आडवा दाबला.

"भाऊ, इळा दे."

मी दिला. माझ्याजवळ बोलायला त्या वर्षभराचं पुष्कळ साठलेलं होतं. तिने काटे छाटले, एक, मग दुसरा, भेंडी चिरावी तसे. रक्त आलं, त्यावर चुलीतली राख दाबली. मायने तोंड भिंतीकडे केलं. बहिणीने कोंबडा सोडला आणि हात धुतले.

"आता देवीले देता येत नाई त्याले," ती म्हणाली. "बाजारात इकून टाक, नाई त राहू दे."

एवढंच. मी ज्यासाठी भांडत होतो ते झालं होतं, आणि ते माझ्या एकाही शब्दाने झालं नव्हतं. ती देवीवर रागावली नव्हती. तिचा देवीवरचा विश्वास होता तसाच होता. फक्त देवीकडे मागायचं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती शेजारणीबरोबर शेतात तण निंदायला गेली. आजवर ती मजुरीला गेली नव्हती. आपण शेतात असू आणि नवरा येऊन दार बंद बघून परत जाईल, म्हणून. कोंबडा मी विकला नाही. तो अजून धावून यायचा, अंगावर उडायचा, पण लागत नव्हतं. मी मुलीला हाताला धरून म्हटलं, "चाल, आता त्याच्यानं काई होत नाई. पाह्य, मी उभा हाय त्याच्यासमोर."

तिने माझ्याकडे बघितलं, हात सोडवून घेतला आणि बाजेवर भिंतीला टेकून बसली.