मंगलचे तीन ठिपके

घरात कुणाला ताप आला की आई मीठ-मोहरी ओवाळायची आणि मी म्हणायचे, आधी रक्त तपासा. मी अशी बाई आहे. काचेखाली दिसेल तेच खरं मानणारी. तरीही हे लिहितेय, कारण हेसुद्धा मी काचेखालीच पाहिलंय...

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपर पूर्वेला, औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमची पॅथॉलॉजी लॅब. डॉक्टर, मी आणि मंगल. रक्ताच्या कॅन्सरमधून सावरणाऱ्या पेशंटच्या रक्तात खराब पेशी परत आल्यात का, ते आम्ही शोधायचो. हजारो चांगल्या पेशींत एखादी. रक्ताची नळी मशीनमध्ये फिरवली की लाल पेशींच्या वर पांढऱ्या पेशींचा पातळ थर जमतो. तो काचेवर पसरून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली शेत नांगरावं तसं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत जायचं. सापडली की काचेच्या खालच्या बाजूला शाईने खूण, म्हणजे डॉक्टरांना शोधत बसावं लागत नाही. मी गोल काढायचे. मंगल तीन ठिपके द्यायची, हनुवटीवर गोंदतात तसे, पेशी बरोबर मध्ये.

आणि सापडायची तिलाच. मी डोळे फोडून घ्यायचे आणि ही चहा पिऊन येऊन म्हणणार, "अगं, ही काय!" माझ्या मागाहून कामाला लागलेली पोरगी... तरी डॉक्टर माझी स्लाइड हातात घेऊन विचारायचे, "मंगलने बघितली ना?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गणपतीत मंगल मालवणला गेली. त्याच दिवसांत मुलुंडची शिल्पा आली, नऊ-दहा वर्षांची, डोक्यावर नुकते कुठे केस आलेले. तिची आई म्हणाली, "ताई, या वेळी स्वच्छ आलं तर औषधं बंद करणार म्हणालेत."

मी खोक्यातून नवी काच काढली, पुसली, नंबर घातला, थर पसरून रंगवला. सगळी बघितली. काही नाही. आनंद झाला — पोरीसाठी झालाच, पण माझ्यासाठी जास्त. एक तरी रिपोर्ट माझ्या एकटीच्या नजरेवर जाणार होता. भिंगासाठी वर घातलेलं तेल पुसायला स्लाइड उचलली, तर बोटाला शाई लागली. ओली.

खाली तीन ठिपके होते.

डॉक्टर अजून यायचे होते. लॅबमध्ये मी एकटीच. स्लाइड परत लावली. ठिपक्यांच्या मध्ये ती पेशी होती, तिथूनच मी मघाशी गेले होते. मनात पहिल्यांदा भीती नाही आली. मनात आलं, इथेही हीच?

डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. "शाब्बास सुरेखा. नजर तयार झाली तुझी."

"सर, खूण माझी नाही."

"मग काय भुताची?" ते म्हणाले आणि हॉस्पिटलला फोन फिरवायला लागले. पुढच्या तपासण्यांत कळलं, आजार परत डोकं काढत होता. औषधं थांबली असती तर पोरगी हातची गेली असती.

मंगल आल्यावर तिला स्लाइड दाखवली. तिचा चेहराच उतरला. "माझी नक्कल करतेस काय गं? मी तिकडे आरत्या म्हणतेय आणि तू इकडे माझी चेष्टा?" मी आईची शपथ घेतली. तिने कितीतरी दिवस डबा वेगळा बसून खाल्ला.

शिल्पा दहावी पास झाली तेव्हा मायलेकी पेढे घेऊन आल्या. आईने विचारलं, "तुमच्यापैकी कोणी पकडलं होतं तेव्हा?" मी मंगलकडे बोट दाखवलं. मंगलने माझ्याकडे. मी जळकी असेन, खोटारडी नाही.

ते ठिपके कुणी दिले, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. मला मात्र वेगळंच सलतं... त्या दिवशी मंगल मालवणात बसली होती, आणि तरी पहिली तीच आली.