नागपूर ते पुणे, सव्वा तास

मंडळी, दोन वर्षांपूर्वी एका सकाळी पूजा आटोपून मी मोबाईलवर पाहिलं: नागपूर ते पुणे सातशे किलोमीटर, विमानाने सव्वा तास. पुण्यात माझा थोरला भाऊ अत्यवस्थ होता. पण त्या दिवशी अमावस्या. अमावस्येला प्रवासाला निघायचं नाही, ही आमच्या घरची रीत. वहिनीला मात्र फोनवर सांगितलं, तिकीट मिळालं नाही.

दादा त्याच संध्याकाळी गेला.

तेव्हापासून पूजेला बसलो की तो सव्वा तास समोर येऊन बसतो.

आज पुण्याला आलो आणि शेवटी वहिनीला खरं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "मले माहीत होतं, भाऊजी. हे दिवसभर सांगून राहिले होते, आज अमावस्या हाये, तो उद्या येईन."