शैलाताईंनी तपासलेली पानं

माझा फोन मला सगळं एकाच सुरात वाचून दाखवतो. गॅसचं बुकिंग, बँकेचा ओटीपी, आणि तीन आठवड्यांपूर्वी एका दुपारी, त्याच सुरात, ‘आपल्या ग्रंथालयातील शैला ओव्हाळ यांचे आज सकाळी निधन झाले.’ ऑफिसात जेवणाची सुट्टी होती. मी संदेश पुन्हा ऐकला... मग डबा बंद केला.

मी जन्मापासून अंध. तळेगावहून चिंचवडच्या कॉलेजात बी.ए.ला आले, तेव्हा ग्रंथपालांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की ब्रेल पुस्तकं इथे नाहीत. शेजारी पुस्तकं लावणाऱ्या बाईंनी विचारलं, “सर, ते कपाटातलं मशीन उघडू का? आल्यापासून खोक्यातच आहे.” त्या शैलाताई. काळेवाडीत राहायच्या, बारावी झालेल्या, ग्रंथालयात मदतनीस. खोक्यात स्कॅनर होता, आणि संगणकावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर. दोन्ही चालवायला त्या आपल्या आपणच शिकल्या.

अडचण वेगळीच निघाली. स्कॅनर मराठी चुकीचं ओळखायचा. ‘लेखक’चा ‘लेरवक’ व्हायचा, ‘घर’चं ‘धर’. म्हणून ताई प्रत्येक पान पुस्तकाशी ताडून, एकेक अक्षर दुरुस्त करून मग मला द्यायच्या. एकदा त्यांच्या नजरेतून एक ओळ सुटली आणि संगणक गंभीरपणे म्हणाला, ‘चाकण परिसरात कामगार मरती वाढली.’ मूळ शब्द होता भरती. त्यांचे मिस्टर चाकणलाच कंपनीत. “आज ह्यांना सांगते, जरा जपून जा कामाला,” म्हणत ताई इतक्या हसल्या की ग्रंथपालांना बाहेर यावं लागलं.

तिसऱ्या वर्षी मात्र चुका वाढल्या. परीक्षा जवळ आलेली, आणि पानंच्या पानं अर्थ लागेना. मी चिडून म्हणाले, “ताई, हल्ली तुम्ही नीट बघतच नाही.”

“दिसतंय तेवढं बघते गं,” एवढंच त्या म्हणाल्या.

मला त्यातलं काही कळलं नाही. पंधरा दिवसांनी ग्रंथपालांनीच सांगितलं. साखरेच्या आजारानं त्यांची नजर जात चालली होती, डोळ्यात इंजेक्शनं चालू होती. ग्रंथालयातून हलवतील म्हणून त्यांनी महिनोन् महिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. सगळ्या कॉलेजात हे कुणी ओळखायला हवं होतं तर ते मी, आणि मीच त्यांना बोलले होते. मी माफी मागायला गेले तर त्या म्हणाल्या, “ते राहू दे. तू ऐकतेस तसं मला ऐकता येईल का, ते सांग.”

मग मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. माऊस काढून ठेवला. पहिले दोन दिवस त्या रागावून उठायच्या. “किती पळते ही संगणकातली बाई! दम खा म्हणावं जरा.” तिसऱ्या दिवशी हलक्या आवाजात म्हणाल्या, “मनीषा, मला हे शिकायचं नव्हतं गं...” मी आवाजाचा वेग आणखी कमी केला. महिन्याभरात त्या नुसतं ऐकून चुका पकडायला लागल्या. त्यांचंच म्हणणं, डोळे सवयीनं चूक बरोबर वाचतात, कानांना ती खटकते. मी पास झाले, आकुर्डीत नोकरीला लागले, तरी ताईंचं काम चालूच होतं. ग्रंथालयातूनही कुणी त्यांना हलवलं नाही.

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध पद्धतीनं श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला काळेवाडीला गेले, तेव्हा ओव्हाळकाकांनी माझ्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला. “हिचं एक पुस्तक अर्धं राहिलंय. पहिल्या वर्षाच्या कुठल्याशा अंध पोरीसाठी आहे, तिची परीक्षा जवळ आलीय म्हणत होती. तुम्हीच बघा आता.”

घरी येऊन फाइल लावली. एकशे बारा पानं अगदी स्वच्छ. त्यानंतर मधेच एक ओळ वाचली गेली, ‘इथपर्यंत झालं. उद्या इथून.’ दिवसाचं काम संपलं की ताई ही खूण टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुसून पुढे जायच्या, हे मला माहीतच नव्हतं. काकांना फोन केला, तेव्हा त्यांनी सांगितलं. बराच वेळ मी कर्सर त्या ओळीवर ठेवून बसले... पण त्या मुलीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मी ओळ पुसली, चार पानं ऐकून दुरुस्त केली, आणि खाली लिहिलं, ‘इथपर्यंत झालं. उद्या इथून.’